लांबड्या सायबाला कावळा शिवला

माझं लग्न एका इंग्रज भुतानं जमवलं. हे मी कुणाला मुद्दाम सांगत नाही, कारण विट्यापासून कुंडलपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गोष्ट भूकंपाच्या आधीची. (आमच्याकडं सगळ्याच गोष्टी एक तर भूकंपाच्या आधीच्या असतात, नाही तर नंतरच्या.) मी तिसऱ्या झटक्यात मॅट्रिक होऊन विट्याजवळच्या आमच्या गावी सोसायटीच्या कचेरीत चिकटलो होतो. पहिल्या दोन्ही वेळा इंग्रजीचा पेपर आडवा आला होता. तिसऱ्या वेळी तपासणाऱ्याला माझी दया आली असावी. पण आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, निकालात फक्त 'पास' एवढाच शब्द दिसला. तेव्हापासून ते पारावर बसून सांगायला लागले, "आमचं पोरगं सपान बी इंग्रजीत बघतं!" मी झोपेत बडबडायचो हे खरं आहे. ते कुणाला कळायचं नाही, म्हणून दादांनी त्याला इंग्रजी ठरवलं.

हे सपान उडत उडत कुंडलला पोचलं. तिथं एक सुभेदार होते, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले आणि आता ऊस लावणारे. त्यांचं एक जुनं दुखणं होतं. "मला इंग्रजी आलं आसतं, तर मी कॅप्टन झालो आसतो," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. स्वतःला जमलं नाही, म्हणून जावई तरी इंग्रजी येणारा करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची मुलगी शालन. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं खाली मान घालून चहा दिला, मी खाली मान घालून घेतला, त्यामुळं आम्ही फक्त एकमेकांची पावलं पाहिली. पण निघताना मी मान वर केली, तर ती आतल्या दारातून सरळ माझ्याकडं बघत होती. बघत होती आणि हसत होती! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. सोसायटीत युरियाची पावती मागितली की मी शेंगदाणा पेंडीची देत होतो.

सुपारी मात्र फुटेना. सुभेदार म्हणाले, "घाई न्हाई. कडेगावच्या जत्रंला आमी भनीकडं येनार हाय. तितं पावन्याचं इंग्रजी जरा कानावर पडू द्या, मग फोडू सुपारी."

आता जत्रेत माणूस कुणाशी इंग्रजी बोलणार? पाळणेवाल्याशी? मी निर्धास्त होतो. पण नशिबाला मामा असतो, तसा मलाही होता.

किसनमामाची टुरिंग टॉकीज होती. जत्रेत तंबू ठोकायचा, बायकांची आणि पुरुषांची बाजू मधून दोरी बांधून वेगळी करायची, आणि दिवेलागणीनंतर सिनेमा लावायचा. त्या साली मामानं पौराणिक सिनेमे मागवले होते आणि गावोगाव तशा पाट्याही लावल्या होत्या. जत्रेच्या दिवशी दुपारी रिळांची पेटी आली. मामानं उघडली आणि तिथंच बसला.

"बाळ्या," मला म्हणाला, "तीन पिच्चर हायत, तिन्ही इंग्रजी! आन् तिन्हीत ह्यो एकच लांबड्या! देव एकात बी न्हाई."

पेटीत रिळांबरोबर जाहिरातीची चित्रं होती. तिन्ही चित्रांवर एकच नट. उंचीला ताडमाड, गाल आत गेलेले, भुवया झाडूनं काढल्यासारख्या. एका चित्रात हातात मेणबत्ती, एकात काचेची नळी, आणि तिसऱ्यात काळा झगा घालून तो आमच्याकडंच बघत होता. मेलेल्या माणसाला भूक लागली तर तो असाच दिसेल. आमच्या इकडं त्याचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या जत्रेत त्याला 'लांबड्या सायेब' हे नाव पडलं.

"लोकं तंबू पेटवत्याल," मामा म्हणाला. "इंग्रजी कुनाला कळतंय?"

नेमके त्याच वेळी दादा सुभेदारांना तंबू दाखवायला घेऊन आले होते. दादांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"कळाया काय झालं? आमचा बाळू कर्ण्यावरनं समदं मराठीत सांगंल!"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "ब्येस! आज कानावर पडंल म्हना की."

मी नाही म्हणणार होतो. पण मागं गंगूआत्याबरोबर, म्हणजे सुभेदारांच्या बहिणीबरोबर, शालन उभी होती. तिच्यासमोर 'मला इंग्रजी येत नाही' असं कुठल्या तोंडानं सांगू? मी खाकरलो आणि म्हणालो, "सांगतो की."

पहिल्या दिवशी तंबू गच्च भरला. पडद्यावर एक दगडी वाडा आला, त्यात जिना, आणि जिन्यावरून मेणबत्ती घेऊन लांबड्या सायेब उतरला. तो बराच वेळ काहीतरी बोलला. मला त्यातलं 'नो' एवढं कळलं.

"आवं, सांगा की!" पुढून ओरडा झाला.

"तो म्हणतोय..." मी घाम पुसला. "तो म्हणतोय, ह्यो वाडा माजा हाय."

एवढ्यात बग्गीतून एक तरुण जोडपं वाड्यासमोर उतरलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ही त्येची भावकी. वाटनी मागाया आलीया."

तंबूतून एक मोठा 'हांऽऽ' आला आणि सगळे सावरून बसले. इंग्रजी सिनेमात काहीही घडलं तरी ते वाटणीच्या भांडणात बरोबर बसतं, हा शोध मला त्या दिवशी लागला. तळघरात साखळ्या वाजल्या, मी सांगितलं, वाटायला भांडी काढली आहेत. पाहुणी किंचाळली, मी सांगितलं, तिला कमी भांडी आली. कपाट उघडल्यावर आतून हाडांचा सापळा खाली पडला. बायकांच्या बाजूला दोघीतिघी रडायला लागल्या. मी जराही न अडखळता म्हणालो, "भिऊ नगा! ह्यो त्येंचा आजा. सातबारा अजून ह्येच्याच नावावर हाय!"

"आमचं बी तसंच हाय गड्या," अंधारातून कुणीतरी खिन्न आवाजात म्हणालं.

शेवटी वाड्याला आग लागली आणि लांबड्या सायेब त्यात गेला. लोक हळहळले. सिनेमा संपता संपता वठलेल्या झाडावर एक कावळा येऊन बसला, त्यानं खाली राखेकडं पाहिलं आणि उडून गेला. (इंग्रजी भुताच्या सिनेमात असा कावळा असतोच, पण हे आम्हाला काय माहीत?)

गंगूआत्या ताडकन उठल्या. तालुक्यात कुणाचंही रक्षाविसर्जन असो, आत्या हजर असायच्या. निवद ठेवला आणि कावळा शिवला नाही, तर मेलेल्या माणसाची कसली इच्छा राहिली असेल हे त्या ओळखत. मग नातेवाइकांनी हात जोडून 'तुझ्या पोराबाळांचं आम्ही बघतो' असा शब्द दिला की कावळा खाली यायचा. "आगं बया!" त्या म्हणाल्या. "कावळा शिवला न्हाई! इच्छा राहिली बगा त्येची!"

बाहेर सुभेदारांनी माझे दोन्ही खांदे धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पावनं, फलटनीत आमाला ह्योच पिच्चर दाखवला हुता. तवा मला वाटलं, भुताचा हाय. आज कळलं, भावकीचा हाय!"

मी त्या रात्री कॅप्टनसारखा झोपलो.

सकाळी मामानं चहा देता देता सांगितलं, "पोरगी हुशार हाय बरं का. सांगलीला मावशीकडं ऱ्हाऊन मॅट्रिक झालीया. पयल्या झटक्यात. इंग्रजीत साळंत पयली!"

चहा माझ्या हातातच राहिला. म्हणजे आदल्या दिवशी सगळा तंबू माझं ऐकत असताना दोरीपलीकडं एक जण खरा सिनेमा ऐकत होती! तिनं बापाला एक शब्द सांगितला असता, की सुपारी गेली, शालन गेली, आणि दादांचं पारावरचं बसणंही गेलं. मी दादांना म्हणालो, मला ताप आलाय, मी घरी जातो. दादांनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "गप माईक धर."

दुसऱ्या दिवशी पडदा उजळला आणि पहिल्याच दृश्यात लांबड्या सायेब पांढरा डगला घालून उभा!

"आला की परत!" सारा तंबू ओरडला.

"मी काय म्हनलं हुतं?" गंगूआत्या म्हणाल्या. "इच्छा राहिली की मानूस फिरून येतंय."

हा नट तोच, पण गोष्ट दुसरी, असं सांगायची मी तयारी करून आलो होतो. कुणी ऐकून घेईना. "इच्छा काय राहिली त्येची, त्ये इचारा!" अशी मागणी सुरू झाली. तेवढ्यात पडद्यावर एक नाजूक मुलगी आली, आणि माझ्या डोक्यात त्या दिवसांत जे एकच घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"पोरीचं लगीन!"

मग माघार नव्हती. सायबाच्या तळघरात काचेच्या भांड्यांत काहीतरी रटरटत होतं, ते मी लग्नासाठी गुऱ्हाळ लावलंय म्हणून सांगितलं. शेवटी सायेब स्वतःच्याच उकळत्या हौदात पडला. "काहिलीत पडला!" मी म्हणालो, आणि ज्यांच्या घरी गुऱ्हाळ होतं त्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा कावळा आला, पुन्हा उडाला. मी चोरून दोरीपलीकडं पाहिलं. शालननं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. असला नवरा पदरात पडणार म्हणून रडत असावी, असं मला वाटलं. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या. मामानं तंबूच्या कनाती वर बांधल्या, तरी जागा पुरेना. गंगूआत्या पत्रावळीवर भात, वडे आणि दही घेऊन आल्या, ती पत्रावळ त्यांनी पडद्याखाली ठेवली आणि जाहीर केलं, "आज शिवलाच पायजे!"

त्या दिवशीचा सिनेमा काळ्या झग्याचा. लांबड्या सायेब दिवसभर एका लाकडी पेटीत झोपायचा आणि अंधार पडला की झगा पांघरून बाहेर पडायचा.

"दिवसा का झोपतोय?" पुढून प्रश्न.

"पान्याची पाळी रातची हाय," मी म्हणालो. "घोंगडं घेऊन उसाला पानी पाजाया चाललाय."

लोकांना इतकं पटलं की विचारू नका. "तिकडं बी रातचंच पानी देत्यात व्हय!" एक जण म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून कालव्याच्या साहेबांना शिव्या दिल्या. मला जरा हुरूप आला. तेवढ्यात सायेब खिडकीतून एका झोपलेल्या मुलीच्या खोलीत शिरला. काल ज्या मुलीला मी त्याची लेक केलं होतं, तिच्यासारखीच ही दिसत होती. "त्येची लेक!" बायका आपणहून म्हणाल्या. सायेब तिच्यावर वाकला. आणखी वाकला. आणि त्यानं तिच्या मानेत तोंड घातलं!

समोर होणारा सासरा, दोरीपलीकडं होणारी बायको, आणि पडद्यावर बाप लेकीच्या मानेत! माझ्या कानशिलांवरून घाम वाहायला लागला. सायेब उठला. मुलीच्या गोऱ्या मानेवर दोन काळे ठिपके दिसत होते.

"तीट!" मी किंचाळलो. "काजळाची तीट लावली! लगीन जवळ आलंय, पोरीला दिष्ट लागू ने म्हनून!"

"आगं बाई गंऽ," बायकांच्या बाजूनं मोठा सुस्कारा आला. बापाची माया बघून दोघींनी डोळ्याला पदर लावला.

"दोन कशापायी लावल्या?" सुभेदारांनी विचारलं. पलटणीतला माणूस, बारकाई सुटत नाही.

"पोरगी लय देखणी हाय," मी म्हणालो.

यापुढं सायबाचं कुणी वाईट करावं हे तंबूला खपण्यासारखं नव्हतं. पण सिनेमावाल्याला हे कोण सांगणार? नायक आला, त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि झोपलेल्या सायबाच्या छातीत लाकडी मेख ठोकली. लोक उभे राहिले. "आरं, दिवसभर झोपू तरी दे त्येला! रातभर पानी पाजून आलाय!" पडद्यावर एक चप्पल गेली. सायबाची राख झाली. वाड्याच्या भिंतीवर कावळा येऊन बसला, मान वाकडी करून खाली बघायला लागला, आणि त्याच क्षणी फिल्म तुटली.

पडदा पांढराफटक. मामा आतून ओरडला, "जोडतोय! बसा!" कोण बसतंय!

"त्यो थांबलाय," गंगूआत्या हळू आवाजात म्हणाल्या. "शबुद द्या त्येला कुनीतरी."

मग एकेक जण पुढं होऊन पांढऱ्या पडद्याला हात जोडायला लागला. "सायेब, वाड्याचं आमी बगतो!" "सायेब, भावकीला शिवंत पाय ठिवू देत न्हाई!" खुद्द मामानं यंत्रामागून मुंडकं काढून सांगितलं, "सायेब, फुडल्या सालापास्नं फकस्त देवाचं पिच्चर आनतो!"

"आवं, त्येला मराठी कसं कळंल?" सुभेदार कडाडले. "पावनं! तुमी सांगा, त्येच्या भाषेत! पोरीचं मी बगतो म्हनावं!"

सारा तंबू माझ्याकडं वळला. मला इंग्रजीतली एकच गोष्ट तोंडपाठ होती. ती मी तीन वर्षं मॅट्रिकसाठी घोकली होती. मी पडद्यासमोर गेलो, निवदाशेजारी उभा राहिलो, डोळे मिटले आणि हात जोडले.

"रिस्पेक्टेड सर! आय बेग टु स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर. देअरफोर आय कॅनॉट अटेंड द स्कूल. काइंडली ग्रँट मी लीव्ह. युवर ओबिडियंट प्यूपिल." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण सवयीनं हजेरीचा नंबरही सांगितला.

सुभेदारांचा ऊर भरून आला होता. ते दोरीकडं वळले. "शाले! तू शिकल्याली हायस. काय म्हनलं गं पावनं?"

मी डोळे उघडलेच नाहीत. संपलं, असं वाटलं. दादा कुठंतरी मागं जोरात खोकले. शालन उठून उभी राहिल्याचं बांगड्यांवरून कळलं.

"आबा," ती म्हणाली, "त्ये म्हनलं, सायेब, पोरीला ताप आला, दुकलं खुपलं, तर मी हाय. शिकायचं म्हनली तर साळा चुकू देनार न्हाई. तुमी आता खुशाल रजा घ्या."

सुभेदारांनी फेटा काढून डोळे पुसले. तेवढ्यात मामाची फिल्म जोडून झाली, पडदा उजळला, आणि भिंतीवरचा कावळा टुणकन खाली उतरून राखेत चोच मारायला लागला.

"शिवला! शिवला!" तंबूचे दोन खांब त्या आरोळीनं हलले. लोकांनी टोप्या उडवल्या. गंगूआत्यांनी मला पत्रावळीवरचा वडा भरवला. (तो सायबाचा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.) आणि सुभेदार गर्दीतून वाट काढत ओरडले, "सुपारी आना! हितंच फोडू!"

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी मी धीर करून शालनला विचारलं, "तुला खरं किती कळलं होतं गं?"

"निम्मं," ती म्हणाली. "पर ती त्येची लेक नव्हती, एवढं कळत हुतं."

"मग आबांना सांगितलं का नाहीस?"

"खरा पिच्चर लय रटाळ हुता. तुमचा ऐकून माजं पोट दुकाया लागलं हुतं हसून."

म्हणजे ती रडत नव्हती तर! मला बरं वाटलं, पण पूर्ण बरं वाटलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरची रीत ठरून गेली. चारचौघांत मी काही बोललो, की शेजारून शालन म्हणते, "त्येंना असं म्हनायचं हाय," आणि पुढं जे सांगते, त्याचा माझ्या बोलण्याशी काडीचा संबंध नसतो. लोक माना डोलावतात. पोरंही मी रागावलो की आधी आईच्या तोंडाकडं बघतात. मीही तक्रार करत नाही, कारण माझं असं जे जे काही चांगलं म्हणून लोक सांगतात, ते सगळं तिनंच सांगितलेलं असतं.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "झाक झालंय. मी सांगीन लोकांना, तुमाला काय म्हनायचं हुतं त्ये."